नेहरूंची पेटी कुठली?

1952 सालचा हिवाळा. नगरमधल्या एका शाळेसमोर तुम्ही रांगेत उभे आहात. इथून जवळच भुईकोट किल्ला. 1942 च्या ऑगस्टपासून 1945 च्या मार्चपर्यंत नेहरूंना तिथंच डांबलं होतं. तोच कैदी आज पंतप्रधान आहे. पूर्वी मत द्यायला जमीन, शेतसारा, शिक्षण असं काहीतरी लागायचं. आज वयाची 21 वर्षं भरली की झालं.

आत मास्तर यादीत तुमचं नाव शोधतात. डाव्या तर्जनीला शाई लावतात आणि लोकसभेची मतपत्रिका हातावर ठेवतात. रुपयाच्या नोटेएवढा कागद, त्यावर ना उमेदवाराचं नाव ना चिन्ह. शिक्का नाही, फुली नाही. पडद्याआड लोखंडी पेट्या मांडल्यात. उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येकीवर त्याचं चिन्ह. कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, बस्स.

तुमच्या पुढच्या आजी पडद्यापाशी थबकतात.

“बाळा, न्हेरूची पेटी कंची?”

“आजी, ते इथं उभे नाहीत. ते तिकडं, अलाहाबादकडं.”

“मग मी कुणाला टाकू?”

“ते मी सांगायचं नसतं. चित्रं बघा, मनाला येईल त्या पेटीत टाका.”

आजींचा गोंधळ खरा आहे. पंतप्रधानपदासाठीची पेटी देशात कुठंच नसते. नेहरूंची पेटीसुद्धा त्यांच्या मतदारसंघात साध्या उमेदवाराची. तुम्ही दिल्लीला धाडता तो नगर दक्षिणचा एक माणूस. असे देशभरातून 489 निवडून येणार. ज्याच्यामागं निम्म्याहून जास्त खासदार, त्याला राष्ट्रपती सरकार बनवायला बोलावणार. मतमोजणी होते. नगर दक्षिणमधून काँग्रेसचे बैलजोडीवाले उत्तमचंद बोगावत निवडून येतात, देशात काँग्रेसला 364 जागा मिळतात, आणि नेहरू पंतप्रधान होतात. मधला सांधा खासदाराचा.

1957. पुन्हा रांग, या वेळी संयुक्त महाराष्ट्र चळवळीचं वारं. नगर विरोधातल्या र. के. खाडिलकरांना निवडून देतं. पंतप्रधान तरीही नेहरूच. तुमचं मत फुकट गेलं का? छे! सरकार बनवणाऱ्यांत नगरचा माणूस नसेल, पण सरकारला समोर बसून जाब विचारणाऱ्यांत आहे. लोकसभेला दोन्ही बाजूंची बाकं लागतात.

आता 13 मे 2024. ऊन मी म्हणतंय. मतदानाचं वय केव्हाच 18 झालंय, पेट्या जाऊन यंत्र आलंय. प्रचारभर दिल्लीतलेच चेहरे गाजले. यंत्रावर मात्र पारनेरचे नीलेश लंके, लोणीचे सुजय विखे आणि इतर उमेदवार. तुम्ही बटण दाबता. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली पडते. तिच्यावर पंतप्रधानाचं नाव आजही नाही.

बरंच आहे ते. काम अडलं तर दिल्ली गाठायला नको, आधी पारनेरला नाहीतर लोणीला जाऊन विचारता येतं.