जागेप्रमाणे झाड: बंगळुरूच्या वृक्षनिवडीचा इतिहास

1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून मराठी इतिहासाला परिचित असलेले बंगळुरू सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर वसले असून, जवळ मोठी बारमाही नदी नसल्याने तेथील शेती आणि वृक्षराजी पावसाचे पाणी अडवणाऱ्या तलावांच्या आधाराने वाढली. तलावकाठची ओल, बांधाचा उतार आणि लालबागेच्या टेकडीसारखा सुमारे 300 कोटी वर्षांचा उघडा कातळ ही सारी या परिसरात एकमेकांजवळ आढळतात, त्यामुळे कोणते झाड कोठे लावावे हे तेथे आवडीइतकेच जमिनीवरही ठरत आले.

आसपासच्या गावांत ‘गुंडुतोपू’, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची राई, राखली जाई. आंबा, फणस, जांभूळ, करंज आणि चिंच अशी मोठ्या विस्ताराची झाडे तेथे वाढत आणि फळे, सरपण व गुरांना सावली देत. पिंपळ आणि कडुनिंब एकत्र लावून भोवती बांधलेला पार, ज्याला कन्नडमध्ये ‘कट्टे’ म्हणतात, हा गावाच्या बैठकीचा आणि नागशिळांच्या पूजेचा ठाव असे. घराच्या अंगणाला मात्र तुळस, मोगरा, पारिजातक अशी आटोपशीर झाडे पुरत. राईतील चिंच मूळची आफ्रिकेतील असली तरी ती इतक्या पूर्वी रुजली की गावाने तिला परकी मानले नाही. तेव्हा देशी कोणास म्हणावे हा प्रश्न वंशावळीइतकाच सहवासाचाही आहे.

याहून वेगळी परंपरा राजाश्रयाने घडवली. हैदरअलीने 1760 मध्ये लालबागेची उभारणी सुरू केली, टिपू सुलतानाने दूरदूरच्या मुलखांतून रोपे आणवली आणि 1856 मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचे स्वरूप आले. परदेशी जाती सिंचित वाफ्यांत पारखून पुढे प्रांतभर पसरवणे हे अशा उद्यानांचे कामच होते. या प्रवाहाला शहराच्या रस्त्यांपर्यंत नेले ते गुस्ताव क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने. लंडनच्या क्यू उद्यानात अनुभव घेऊन 1893 मध्ये तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरीस आला आणि 1908 मध्ये म्हैसूर दरबाराने त्याला बंगळुरूस बोलावले. एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा यावा, अशा क्रमबहराच्या कल्पनेने त्याने रस्त्यांच्या कडेची लागवड आखली. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचे जॅकरांडा आणि वर्षावृक्ष अशा परदेशी झाडांना शहरात मानाचे स्थान मिळाले ते त्यांच्या देखण्या फुलांमुळे वा झपाट्याने होणाऱ्या वाढीमुळे.

1980 च्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे 15 लाख झाडे लावली गेली, ती वसाहतींच्या विस्तारामुळे उजाड झालेल्या रस्त्यांना सावली देण्यासाठी. मात्र शोभेसाठी लावलेल्या गुलमोहराची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असल्याने एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळांत तो सहज उन्मळतो, आणि काँक्रीटने बुंधे आवळले की धोका वाढतो.

देशी झाडांकडे आज वळलेले लक्ष या अनुभवातून आले आहे. परंतु देशी म्हणजे सर्वत्र चालणारे, असा त्याचा अर्थ नाही. वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे भिंती फोडतात, म्हणून त्यांची जागा मोकळ्या मैदानात किंवा उद्यानात आहे. रुंद पदपथाला करंज मानवतो, कारण तो दाट सावली देतो आणि शेंगावर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतील जीवाणूंमार्फत मातीत नत्र स्थिर करतो. मध्यम रुंदीच्या रस्त्याकडेला बहावा शोभतो, तलावकाठी अर्जुन, जांभूळ आणि तामण, तर कोरड्या खडकाळ उतारावर पळस टिकतो. चंदन इतर झाडांच्या मुळांतून पोषण घेत असल्याने कुंडीत एकटे ते तग धरत नाही. गच्चीवर कढीपत्ता व तुळस पुरेशी ठरतात; कढीपत्त्यावर काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि तुळशीवर मधमाश्या येतात.

गुंडुतोपू, कट्टे आणि अंगण यांनी जागेनुसार केलेली ही विभागणी आजच्या नियोजनालाही उपयोगी आहे; क्रुंबिगलने बहराचा क्रम साधला, आता त्यासोबत मुळांना लागणाऱ्या मातीचा आणि पाण्याचाही हिशेब मांडावा लागेल.