मास्कचे फिटिंग

मास्क किंवा रेस्पिरेटर चेहऱ्याच्या ठेवणीशी जुळवून घेणे, त्याच्या कडांतून होणारी हवेची गळती रोखणे आणि तो तासन्‌तास सोसवेल असा करणे, या सगळ्याला मिळून मास्कचे फिटिंग म्हणतात. मास्कचे संरक्षण दोन गोष्टींवर ठरते : कापड किती गाळते आणि किती हवा कापडाला वळसा घालून आत येते. पहिली गोष्ट कारखान्यात ठरते, दुसरी वापरणाऱ्याच्या गालांवर आणि नाकापाशी. हवा कमी अडथळ्याची वाट धरते. त्यामुळे सैल मास्कला आणखी दाट कापडाचा थर शिवला तर कधीकधी तोटाच होतो. कापडाचा अडथळा वाढतो आणि फटीतून शिरणारी हवाही वाढते.

सर्जिकल मास्क मुळात रेस्पिरेटर म्हणून घडवलेला नाही. ब्रेस्लाऊचे शल्यचिकित्सक मिकुलिक्झ यांनी १८९७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जाळीदार कापडाची पट्टी तोंडावर बांधली, ती डॉक्टरांच्या तोंडातले तुषार रुग्णाच्या जखमेत पडू नयेत म्हणून. आजच्या निळ्या मास्कच्या बाजू सैल राहतात त्या याच कारणाने. रेस्पिरेटरचे काम उलट्या दिशेचे आहे : वापरणाऱ्याने आत घेतलेली हवा गाळायची. मांचुरियात १९१०-११ मध्ये फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा डॉक्टर वू ल्येन-ते यांनी कापूस आणि जाळीदार कापड यांचा, डोक्याभोवती घट्ट गुंडाळता येणारा मास्क वापरात आणला. त्यांचा भर गाळणीइतकाच बांधणीवरही होता. एकदाच वापरण्याच्या कपासारख्या रेस्पिरेटरला अमेरिकेत १९७२ मध्ये प्रथम मान्यता मिळाली.

एन-९५ हा अमेरिकी दर्जा १९९५ मध्ये ठरला. सुमारे ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९५ टक्के कण गाळणीने अडवावेत, अशी त्याची अट आहे. युरोपातील एफएफपी-२ साठी ही मर्यादा ९४ टक्के आहे. भारतात अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. गाळणीतले पॉलिप्रोपिलीनचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि त्यांच्यावर विद्युतभार दिलेला असतो. कण त्या भारामुळे तंतूंकडे ओढले जातात, म्हणून कापड पातळ असूनही कण अडतात आणि श्वास सहज घेता येतो. टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांचे या तंत्रातील काम महत्त्वाचे मानले जाते. साबणाने किंवा अल्कोहोलने हा भार निघून जातो. धुतलेला एन-९५ दिसायला स्वच्छ असतो, पण त्याची गाळण्याची ताकद उतरलेली असते.

फिटिंग डोळ्यांनी ठरत नाही, त्यासाठी चाचणी लागते. सोप्या प्रकारात मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून आत कडू द्रावणाचा किंवा सॅकरिनचा फवारा सोडतात. माणूस खोल श्वास घेतो, मान डावी-उजवीकडे आणि वर-खाली करतो, मोठ्याने वाचतो, वाकतो. जिभेवर चव आली तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. दुसऱ्या प्रकारात यंत्राने मास्कबाहेरचे आणि आतले कण मोजतात. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कसाठी बाहेरचे कण आतल्यांच्या किमान १०० पट असावे लागतात. एकच नमुना सगळ्यांना बसत नाही. अमेरिकेत रेस्पिरेटरची मापे दीर्घकाळ १९६७-६८ मधील हवाई दलाच्या मोजमापांवर आधारलेली होती. तरुण सैनिकांचे ते चेहरे कामकरी माणसांचे प्रतिनिधी नव्हेत, हे मान्य होऊन २००३ मध्ये नव्याने मोजणी झाली. आजही अनेक मास्क एकाच मापात मिळतात आणि लहान, निमुळत्या चेहऱ्याच्या स्त्रियांना ते हनुवटीपाशी उघडे पडतात.

मास्क लावण्याची पद्धत सुधारली तरी बरेच साधते. वरचे इलास्टिक डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालचे कानांखालून मानेवर बसावे; दोन्ही एकमेकांवरून तिरके गेले तर कडा सुटतात. नाकावरची तार एका हाताने चिमटली की मध्ये टोक येते आणि दोन्ही बाजूंना फट पडते. दोन्ही हातांच्या बोटांनी ती मध्यापासून बाहेर दाबत न्यावी. मग तळहातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे हवा आली तर तार पुन्हा बसवावी, गालांवर आली तर इलास्टिक सरकवावे. चष्म्यावर वाफ धरणे हीसुद्धा वरच्या गळतीचीच खूण आहे.

कानाला अडकवण्याच्या मास्कमध्ये ताण कमी पडतो. त्याचे दोन्ही बंद डोक्यामागे आकड्याने जोडले की ताण वाढतो आणि कानांमागची कातडीही वाचते. सर्जिकल मास्कसाठी गाठीची युक्ती आहे. मास्क आडवा अर्धा दुमडून प्रत्येक बंदाला अगदी कडेलगत गाठ मारायची, मास्क उघडायचा आणि बाजूला आलेली फुगीर घडी आत खोचायची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात साध्या सर्जिकल मास्कने कृत्रिम खोकल्यातील सुमारे ५६ टक्के कण अडवले, गाठ मारलेल्याने ७७ टक्के. कापड तेच होते, फक्त फट बुजली होती. मास्कवरून घालायची रबरी चौकटही हेच काम करते. मात्र नुसते घट्ट गुंडाळणे पुरत नाही, कापडही गाळणारे हवे. पुण्यातील दुचाकीस्वार मुली तोंडाला ओढणी गुंडाळतात, ती ऊन आणि जाड धूळ अडवते. धुरातले बारीक कण तिच्या विणीतून सहज निघून जातात.

सोय ही चैनीची बाब नाही. नाकाचा बांधा दुखू लागला, ओठांना ओले कापड चिकटू लागले की हात आपोआप मास्क खाली ओढतो आणि त्या क्षणी संरक्षण शून्य होते. होडीच्या किंवा बदकाच्या चोचीच्या आकाराचे मास्क ओठांपासून दूर राहतात आणि गाळणीचे क्षेत्रफळ वाढल्याने श्वासही हलका होतो. कोकणासारख्या दमट हवेत हा फरक चटकन जाणवतो. घामाने भिजलेला मास्क बदलणेच बरे. नाकावर वळ उठू नयेत म्हणून आतल्या बाजूस फोमची पट्टी असलेला नमुना निवडावा. स्वतः चिकटवलेला जाड कापूस उलट नवी फट पाडतो. टाचणीने किंवा स्टेपलरने मास्कला भोक पाडणे तर अजिबात नको. श्वास सोडण्याची झडप उकाड्यात सुखाची असते, पण बाहेर जाणारी हवा ती गाळत नाही. म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये झडपेच्या एन-९५ वापराविरुद्ध राज्यांना इशारा दिला.

दाढी हा फिटिंगचा सर्वांत अवघड अडथळा. मास्कच्या कडेखाली आलेले खुंटही गळती करतात. धर्माने दाढी राखणाऱ्या शीख डॉक्टरांसाठी दाढीवर कापडाचा ठाठा बांधण्याच्या परंपरेतून एक उपाय निघाला : ताणणारी रबरी पट्टी हनुवटीखालून घेऊन दाढी झाकत डोक्यावर बांधायची आणि मास्क तिच्यावर बसवायचा. ब्रिटनमधील चाचणीत या पद्धतीने बहुसंख्य दाढीधारक उत्तीर्ण झाले. दुसरा मार्ग पंख्याने गाळलेली हवा पुरवणाऱ्या सैल टोपाचा. तो चेहऱ्याला घट्ट बसावाच लागत नाही, मात्र महाग पडतो.

रोज धुळीत राबणाऱ्यांना सिलिकॉनच्या कडेचा, गाळणी बदलता येणारा अर्धमुखी रेस्पिरेटर अधिक परवडतो. तो धुता येतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि गालांवर एकसारखा बसतो. दगडफोडीच्या ठिकाणी मात्र पाणी मारून सिलिकाची धूळ उडू न देणे हा पहिला उपाय आहे, मास्क त्यानंतरचा. कणांसाठीचा कोणताही मास्क, कितीही चांगला बसला तरी, विषारी वायू अडवत नाही आणि प्राणवायू देत नाही. गटाराच्या चेंबरमध्ये किंवा बंद विहिरीत एन-९५ लावून कोणालाही उतरवू नये. तिथे बाहेरून हवा पुरवणारे उपकरणच लागते.