स्त्रीपक्षाचे पुरुष पुरस्कर्ते : शास्त्र, बुद्धी आणि समता

महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेच्या इतिहासात विष्णुशास्त्री पंडित, न्यायमूर्ती रानडे, आगरकर, जोतीराव फुले आणि धोंडो केशव कर्वे यांची नावे एकाच मालिकेत घेण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी वावगा नाही. तथापि ‘सुधारक’ या एका नावाखाली या सर्वांना गोवल्याने एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. स्त्रीची बाजू घेणाऱ्या पुरुषाने ती कोणत्या प्रमाणावर उभी केली, आणि त्या प्रमाणात स्त्रीच्या स्वतःच्या मताला कितपत वाव राहिला, हा तो भेद होय.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली. मात्र पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात आणला. कायदा झाला तरी समाज हलला नाही. ही कोंडी फोडण्यासाठी विष्णुशास्त्री पंडित यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचा या विषयावरील ग्रंथ मराठीत आणला. १८६६ साली मुंबईत पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि १८६९ मध्ये तिच्या प्रयत्नाने एक पुनर्विवाह घडून आला. त्यावर बहिष्काराचे वादळ उठले व १८७० मध्ये पुण्यात पंचांपुढे शास्त्रार्थ झाला. निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला.

या पक्षाने शास्त्राधाराची वाट धरली, ती भाबडेपणाने नव्हे. बहिष्काराचे शस्त्र जेथे धर्मपीठाच्या हाती होते, तेथे धर्मपीठाच्याच भाषेत बोलणे प्राप्त होते. परंतु या मार्गाची किंमतही मोठी होती. वाद पराशरस्मृतीतील वचनाच्या अर्थाचा झाला. विधवेची इच्छा काय, हा प्रश्न त्यात उपस्थितच होऊ शकला नाही. वादी पुरुष, प्रतिवादी पुरुष आणि पंचही पुरुष. शिवाय शास्त्राचे शस्त्र दुधारी होते. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात डॉ. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्या आधारे सुधारणेचे समर्थन केले, आणि प्रतिपक्षाने गर्भाधानविधीचा आधार घेऊन त्याच शास्त्रांतून विरोध उभा केला. अखेर कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. परंतु तो निर्णय शास्त्रार्थाने लागलेला नव्हता.

रानडे यांच्या १८७३ मधील द्वितीय विवाहाकडे या संदर्भात पाहणे उचित ठरेल. पुनर्विवाहाचा हा अग्रणी पुरस्कर्ता, प्रथम पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाहबद्ध झाला. टीकाकारांनी यात वैयक्तिक दौर्बल्य पाहिले, चाहत्यांनी पितृभक्ती. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य असले तरी ती अपुरी आहेत. परंपरेच्या अधिकाराला न दुखवता सुधारणा करावयाची, हे ज्या पक्षाचे धोरण, त्याच्या घरात तोच अधिकार पित्याच्या रूपाने उभा राहिला, तेव्हा त्याला नकार देण्यास आधार उरला नाही. पुढे रानडे यांनी पत्नीला शिकविले, घरातील विरोध असताही शिकविले. आणि रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनाच्या रूपाने स्वतंत्र कार्य उभारले. हे श्रेय मोठे आहे. परंतु त्या शिक्षणाचा आरंभही पतीच्या इच्छेने झाला, हे विसरता येत नाही.

१८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढणाऱ्या आगरकरांनी शास्त्राधाराची कुबडी टाकून दिली. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने घडलेल्या या विचारवंताने बुद्धी आणि न्याय हीच प्रमाणे मानली. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, स्त्रीला उपजीविकेचे साधन हाती देणारी विद्या मिळावी, ही त्यांची मते या भूमिकेतून आली. येथे स्त्री ही दयेचा विषय न राहता हक्काची धनी झाली. तरीही ‘सुधारक’च्या स्तंभांतून तिच्या वतीने बोलणारा मुख्यतः पुरुषच होता.

फुले यांच्या बाबतीत कसोटीचा क्षण निराळ्या प्रकारे आला. १८४८ ची मुलींची शाळा आणि १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह सर्वपरिचित आहे. परंतु १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रश्न स्त्रीला साहाय्य करण्याचा नव्हता. तिचा आरोप ऐकून घेण्याचा होता. ताराबाईंनी समग्र पुरुषजातीला जाब विचारला, आणि सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना तो रुचला नाही. १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून फुले यांनी आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध ताराबाईंची बाजू घेतली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी हाच धागा पुढे नेला. पुरुषाला अनेक स्त्रिया करण्याची मुभा असेल, तर स्त्रीने तसेच केल्यास पुरुषाला ते चालेल काय, हा त्यांचा प्रश्न समतेच्या तत्त्वाला अखेरपर्यंत ताणून पाहणारा आहे.

कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह करून आचाराचा प्रश्न सोडविला. त्यांच्या कार्यातील एक बारकावा मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. त्यांच्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे नाव पुढे विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. विवाहास उत्तेजन देणे आणि विवाहाच्या आड येणारा प्रतिबंध दूर करणे यांत अंतर आहे. पहिल्यात विधवेने काय करावे हे सुधारक ठरवितो. दुसऱ्यात तो वाट मोकळी करतो आणि निर्णय तिच्यावर सोपवितो.

सारांश, या पुरुषांचे मूल्यमापन केवळ त्यांच्या धैर्यावरून अथवा उक्तिकृतींतील विसंगतीवरून करणे पुरेसे नाही. शास्त्राधाराने दार किलकिले केले, बुद्धिवादाने ते उघडण्याचा हक्क सांगितला. परंतु आत आलेली स्त्री पुरुषालाच प्रतिप्रश्न करू लागली, तेव्हा तिच्या बाजूने कोण उभे राहिले, ही खरी कसोटी. १८८५ मध्ये या कसोटीला उतरलेले उदाहरण ‘सत्सार’च्या पानांत आढळते, आणि म्हणूनच सुधारकांच्या नेहमीच्या मालिकेत त्याला स्वतंत्र स्थान द्यावे लागते.