लेण्यांची गंगाजळी



लेण्याद्रीला तुमच्यापैकी बहुतेक जणी गेलेल्या असतील. पायऱ्या चढायच्या, गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं, सावलीला टेकायचं, खालचा कुकडीचा काठ आणि समोरचा शिवनेरी बघायचा आणि उतरायचं. गणपती आहे ते दालन पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. एवढं ऐसपैस दालन, पण मधे एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. हे मुळात बौद्ध भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण, म्हणजे विहार. लेण्याद्रीच्या ३० लेण्यांमधलं हे सातवं लेणं. शेजारी सहाव्या लेण्यात स्तूप आहे, ते प्रार्थनेचं चैत्यगृह.

लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा असे जुन्नरभोवतीचे डोंगर धरले, तर लेण्यांची संख्या दोनशेच्या पुढं जाते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत, साधारण तीन-चारशे वर्षं, हे खोदकाम चाललं होतं.

आता बाईमाणसाच्या मनात येणारा प्रश्न विचारते. याचा खर्च कुणी केला? आणि एकदा कोरून झाल्यावर पुढं वर्षानुवर्षं झाडलोट, टाक्यातला गाळ, येणाऱ्याजाणाऱ्याचं जेवण, याचा खर्च कुठून निघाला? घर बांधणं एक आणि घर चालवणं दुसरं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपण म्हणतो, राजानं केलं असेल. पण लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी ती वाचून १८८१ साली पुस्तकात छापली. त्यात राजापेक्षा साधी माणसंच जास्त दिसतात. लेण्याद्रीचं सहावं लेणं, ते चैत्यगृह, दिलं सुलसदत्त नावाच्या माणसानं. तो होता सोन्याचा व्यवहार करणाऱ्या घरातला, आणि गाव कल्याण! आपल्या बेल्ह्यावरून नगर-कल्याण रस्ता जातो ना, त्याच कल्याणचा. त्या काळी कल्याणचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. व्यापारात मिळालेल्या पैशातला काही भाग असा डोंगरात कोरला गेला. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक माणसानं, पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. एकानं पाणी बघितलं, दुसऱ्यानं जेवण.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. एक लेख सांगतो की सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं दिलं. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. एका माणसाला सात खोल्या कोरून देणं झेपलं नसतं, संघाला झेपलं. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी येते. त्यांच्याकडं पैसे ठेव म्हणून ठेवले होते आणि त्यातून ठरलेली रक्कम यायची. अडुथुम नावाच्या एका शकानं, तोही एका श्रेणीतला उपासक, करंजाच्या झाडांशी निगडित २० निवर्तनं आणि वडाच्या झाडांशी निगडित ९ निवर्तनं शेतजमीन दिली. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. शिवनेरीच्या लेखांमध्ये गावातल्या भिक्षुणींच्या निवासासाठी केलेली तजवीजही येते. घरदार सोडलेल्या बायका गावात एकत्र राहत होत्या आणि त्यांच्या खर्चाची सोय कुणीतरी करून ठेवली होती.

जुन्नरचे हे लेख एक-दोन ओळींचे आहेत. ठेवीचा पुरता हिशेब वाचायचा असेल तर आळेफाट्यावरून नाशिकच्या रस्त्याला लागायचं. तिथं ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, त्या त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा नहपान राजाचा जावई. नहपानाची सत्ता जुन्नरवरही होती. त्याच्या आयम नावाच्या अमात्यानं मानमोडीच्या डोंगरात टाकं आणि मंडप दिल्याचा लेख आहे. दहाव्या लेण्यातच उषवदाताच्या बायकोनं, दक्षमित्रेनं, स्वतःच्या नावानं एक खोली दिली आहे.

उषवदातानं लेण्यासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. या ठेवीला लेखात शब्द आहे अक्षयनीवी. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च फक्त व्याजातून. त्यातले २००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडं ठेवले, शेकडा दरमहा १ या दरानं. उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडं, शेकडा पाऊण दरानं. गोवर्धन गाव आजही नाशिकजवळ आहे.

आता गटाच्या वहीत मांडतो तसा हिशेब मांडू. दोन हजारावर शेकडा १ म्हणजे महिन्याला २० कार्षापण. वर्षाचे २४०. लेखात पुढं म्हटलंय की या लेण्यात पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब चोख बसतो! आधी गरज मोजली आणि तेवढं व्याज येईल एवढी ठेव ठेवली. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत सर्वांना ऐकवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. आपण मासिक बैठकीत ठराव वाचून दाखवतो आणि इतिवृत्तात लिहितो, तसंच ते.

मैत्रिणींनो, बचत गट ही हल्लीची सरकारी योजना म्हणून आपण ओळखतो. पण थोडं थोडं एकत्र करायचं, कारागिरांच्या हाती भांडवल द्यायचं आणि त्याच्या व्याजावर गावाचं काम चालवायचं, ही रीत आपल्या सह्याद्रीतल्या दगडावर लिहिलेली आहे. विणकराला धाग्यासाठी पैसा मिळाला, भिक्खूला वस्त्र मिळालं आणि मुद्दल शाबूत राहिलं.

अर्थात ठेव ठेवली म्हणजे सगळं सुरळीत चालतंच असं नाही. त्याच डोंगरात तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा, त्याच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षातला एक हुकूम कोरलेला आहे. त्यात राजाबरोबर राजमाताही हुकूम देते. मजकूर असा, की डोंगरावरच्या साधूंना पूर्वी काखडी गावातलं शेत दिलं होतं, पण ते शेत कुणी कसत नाही आणि गावातही वस्ती राहिलेली नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या आमच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. म्हणजे कागदावर दान होतं, पण गाव उठलं आणि उत्पन्न थांबलं. कुणीतरी ते बघितलं, वर कळवलं, आणि चूक दुरुस्त झाली.

माझ्या मते या सगळ्या लेखांमधला सर्वांत मोलाचा हाच आहे. जुनी वास्तू टिकवायची तर तिच्या पायथ्याचं गाव टिकावं लागतं, आणि तिथं काय चाललंय हे वरचेवर बघणारी माणसं लागतात.

ती नसली की काय होतं, हे बघायला नाणेघाटात जा. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची आकड्यांसकट यादी आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो एका बाईचा. त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर नावं दिसतात आणि खाली पायांच्या खुणा. मूर्ती गेल्या. नागनिकेचा चेहरा कसा होता, हे आता कुणालाही कळणार नाही. लेखाची अक्षरंही जागोजागी झिजली आहेत. जे उरलंय ते आपल्या पिढीच्या हातात आहे.

आज यातल्या मोठ्या ठिकाणांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आहे. शिवनेरी १९०९ सालीच संरक्षित झाला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकावर नाव कोरणं, रंग फासणं, मोडतोड करणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं शिवरायांच्या आणि मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपला शिवनेरी त्यात आहे.

मान मोठा आहे, पण मानाबरोबर गर्दी येते. गर्दीबरोबर बाटल्या, पत्रावळी आणि टाक्यात टाकलेला कचरा येतो. गंगा-जमुना टाक्यांचं पाणी शिवनेरीवर इतकी शतकं टिकलं, ते बिघडायला एक शिवजयंती पुरेशी आहे. पुरातत्त्वचा पहारेकरी किती ठिकाणी पुरणार? गडाखालच्या गावांनी लक्ष घातलं तरच ते जमेल. जुन्नरचे माजी सैनिक रमेश खरमाले सुट्टीच्या दिवशी बायकोमुलांना घेऊन डोंगरावर जातात, झुडपं काढतात, पाणी मुरावं म्हणून चर खोदतात. दोन महिन्यांत त्यांनी ७० चर खोदले. पंतप्रधानांनी जून २०२५ च्या 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं. एका कुटुंबाला एवढं जमतं, तर दहा-बारा जणींच्या गटाला किती जमेल?

पण उत्साहाच्या भरात नुकसानही होतं, म्हणून काही गोष्टी सांगून ठेवते.

संरक्षित लेण्यात किंवा गडावर स्वच्छता करायची असेल तर आधी पुरातत्त्वच्या माणसाला विचारा. कचरा उचलायला कुणी अडवत नाही, पण टाक्यातला गाळ उपसणं, दगड हलवणं, भिंत घासणं परवानगीशिवाय करू नका. गाळातही जुनी खापरं, नाणी असू शकतात. तारेच्या ब्रशनं घासलेलं अक्षर पुन्हा येत नाही.

गावातल्या वीरगळांना आणि जुन्या मूर्तींना ऑइलपेंट लावू नका, सिमेंटनं बसवू नका. पूजा जरूर करा. हळदकुंकू पाण्यानं निघतं, पेंट निघत नाही.

नांगरताना किंवा पाया खोदताना नाणी, दागिने सापडले तर ते तहसीलदाराला किंवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागतात. १८७८ पासून तसा कायदा आहे.

आणि वारसा म्हणजे फक्त शिवनेरी आणि लेण्याद्री असं समजू नका. आपल्या बेल्ह्याच्या पूर्वेला गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल आहे. बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली, त्यावर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी काम केलंय. आळ्याला ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी पाहुणा येतो, तेव्हा त्याला पाणी, स्वच्छ संडास, पिठलं-भाकरी आणि खरी माहिती लागते. ही चारही कामं बायकांचे गट करू शकतात आणि चार पैसेही मिळवू शकतात.

म्हणून एक सुचवते. पुढच्या बैठकीत गावातल्या जुन्या वस्तूंची यादी करा: बारव, वीरगळ, देऊळ, दीपमाळ, जुना वड. प्रत्येकीसमोर लिहा, तिची देखभाल आज कोण करतं. बऱ्याच ओळी रिकाम्या राहतील. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा. पाहुण्यांच्या जेवणातून गटाला जे मिळेल, त्यातला ठरलेला वाटा वेगळ्या खात्यावर ठेवा. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून बारवेचा गाळ काढायचा. सुरुवातीला व्याज फार येणार नाही. पण गोवर्धनच्या विणकरांकडंही आधी ठेवच आली होती, व्याज महिन्या-महिन्यानं येत गेलं.