घरचे दप्तर : ठेवावे काय, टाकावे काय?



जीर्णोद्धाराच्या निमित्ताने आपल्या देवस्थानची जुनी माहिती घरोघर विचारण्यात आली. आठवणी पुष्कळ मिळाल्या, कागद मात्र थोडे. "होते, पण दिवाळीच्या सफाईत जाळले," असे उत्तर बऱ्याच घरी मिळाले. माझ्या घरीही तेच घडले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तालुक्याच्या कचेरीत कागद सांभाळणे हेच माझे काम. सरकारी दप्तराचे वर्ग ठरलेले असतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' त्याहून कमी आणि 'ड' वर्षभराचा. आजोबांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा मी घरच्या कागदांनाही हाच नियम लावला. आपल्याकडची मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. त्यापूर्वीच्या लगानाच्या पावत्या, वाटणीपत्र, आजोबांचा शाळेचा दाखला व एक मोडी कागद 'अ' मध्ये ठेवले. पोस्टकार्डे 'ड' ठरवून चुलीत घातली.

दाखला ठेवला ते बरे झाले. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांच्या एका दाखल्यावाचून किंवा कोतवाल पंजीच्या नकलेवाचून नातवाचा प्रवेश अडतो, हे मी रोज पाहतो.

पत्रांच्या बाबतीत मात्र मी चुकलो. आजीचा धाकटा भाऊ बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत गेला व तिकडेच वारला. त्याच्या मृत्यूचे, कोपरा फाडलेले कार्ड आले होते. असे कार्ड वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी रीत. तरी आजीने ते मरेपर्यंत पेटीच्या तळाशी जपले. त्यात त्याच्या बायकामुलांचा ठावठिकाणा होता, असे तिने आईला सांगितले होते. मी फाटका कोपरा पाहिला आणि न वाचताच ते जाळले. आई एवढेच म्हणाली, "तिनं रीत मोडून जपलं होतं बा, तू काहून जाळलं?" आजही ते नातलग आम्हांस सापडलेले नाहीत.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरची दप्तरे तपासली व 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे लिहिणाऱ्यांनी इतिहास म्हणून लिहिली नव्हती. ती त्या त्या दिवसाच्या कामाची पत्रे होती. आपल्या घरची पत्रेही तशीच.

तेव्हा माझी नम्र सूचना अशी. वाचल्याशिवाय एकही कागद टाकू नये. मोडी वाचता येत नसेल तर जाणकार मिळेपर्यंत ठेवावा. जमिनीचे, शाळेचे, जन्ममृत्यूचे कागद प्रथम वेगळे काढावेत. पत्रे पुष्कळ असतील तर ज्यांत नाव, गाव, तारीख किंवा घरातली काही घडामोड आहे ती राखावीत. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. सुती कापडात बांधून ओलीपासून दूर ठेवावे. मोबाईलवर फोटो काढावा, पण म्हणून मूळ कागद टाकू नये. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला, "हे कोणाचे?" एवढे जरूर विचारावे. मी ते विचारले नाही.

मंदिराचे दगड आपण पुन्हा बसविले. जळलेले पत्र पुन्हा लिहिता येत नाही. पेटीतले कागद सांभाळण्याची बुद्धी देव सर्वांना देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.