टिलिकम आणि त्याचे शिक्षक

ओर्का हा डॉल्फिनच्या कुळांतील सर्वांत मोठा जलचर. आइसलंडजवळ १९८३ सालीं असें एक पिल्लूं पकडण्यांत आलें. त्याचें नांव टिलिकम. कॅनडांतील व्हिक्टोरिया येथें तो खेळ करूं लागला. रात्रीं मात्र त्याला दोन माद्यांसह लहानशा अंधाऱ्या हौदांत कोंडीत. १९९१ सालीं तेथील एक तरुण शिक्षिका पाय घसरून पाण्यांत पडली. तिघांनीं तिला बाहेर येऊं दिलें नाहीं. ती संस्था बंद पडली, पण टिलिकम अमेरिकेंतील ऑर्लँडोच्या सीवर्ल्डला विकला गेला! तेथें २४ फेब्रुवारी २०१० रोजीं डॉन ब्रँशो ह्या अनुभवी शिक्षिकेला त्यानें पाण्यांत ओढून ठार केलें. नवल हें कीं, खुल्या समुद्रांत ओर्कानें मनुष्य मारल्याची एकही नोंद नाहीं.

सर्कशींत वाघाजवळ जाणाराच्या हातीं निदान चाबूक तरी असतो. ह्या खेळांत शिक्षक पोहत जात. सरकारी कामगार-सुरक्षा खात्यानें मालकांस दोषी धरलें. आमच्या शिक्षकांची तयारी पुरेशी आहे, हा मालकांचा बचाव अपील न्यायालयानें २०१४ सालीं दोन विरुद्ध एक मतानें फेटाळला. खेळाच्या वेळीं मध्यें अडसर वा अंतर राखणें भाग पडलें. दंड किती? बारा हजार डॉलर!

पुढें २०१६ सालीं कंपनीनें ओर्कांची पैदास थांबविल्याचें जाहीर केलें. जानेवारी २०१७ मध्यें टिलिकम ऑर्लँडोच्या हौदांतच मेला.