परदेशात अन्नातून होणारी विषबाधा : हॉटेलपेक्षा घरचा भात का सांभाळावा?

शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या माणसाला घरचे एक सूचना हमखास देतात : बाहेरचे काही खाऊ नकोस. सूचना चांगली असली, तरी अर्धीच आहे. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका यांसारख्या देशांत नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी थेट पिता येते आणि हॉटेलांची तपासणीही होते. तिथे राहणाऱ्या भारतीयाचे पोट बिघडते ते अनेकदा स्वतःच्याच स्वयंपाकघरात. इथे रोज लागेल तेवढा भात लावणारी माणसे तिथे रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करतात. प्रेशर कुकरच्या जागी नवे भांडे येते आणि एक फ्रिज पाच-सहा जणांत वाटून घ्यावा लागतो. पदार्थ तेच राहतात, पण ते करण्याची आणि साठवण्याची रीत बदलते.

भात आणि बॅसिलस सेरियस

मातीत आढळणारा बॅसिलस सेरियस हा जीवाणू तांदळावर सहज असतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणू तयार करतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जीवाणूच. भात शिजताना इतर बरेच जंतू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. नंतर भात कोमट होऊन ओट्यावर पडून राहिला की ते जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. या जीवाणूच्या काही जाती वाढताना सेरियुलाइड नावाचे विष तयार करतात. भातात ते तयार झाले, तर मायक्रोवेव्हने किंवा फोडणीने नष्ट होत नाही. जीवाणू मरतो, विष तसेच राहते. खाल्ल्यावर साधारण १ ते ५ तासांत उलट्या सुरू होतात. याच जीवाणूच्या दुसऱ्या प्रकारच्या विषाने काही तास उशिरा जुलाब होतात.

मग फोडणीचा भात पिढ्यान्‌पिढ्या खाणारा महाराष्ट्र आजारी कसा पडत नाही? पडतोही; फक्त खापर आदल्या दिवशीच्या भेळेवर फुटते. शिवाय फोडणीला घातलेला भात बहुधा एका रात्रीचाच असतो. रविवारी शिजवून, रात्रभर बाहेर ठेवून, मग गुरुवारपर्यंत पुरवलेल्या भाताची गोष्ट वेगळी. बाहेर बर्फ पडत असला, तरी हीटर लावलेल्या घरात २० अंशांच्या आसपास तापमान असते, हेही विसरले जाते.

बहुतेकांना या आजारातून एका दिवसात बरे वाटते. पण अपवाद भयंकर आहेत. २००८ साली बेल्जियममध्ये २० वर्षांच्या एका तरुणाने पाच दिवसांपूर्वी शिजवलेली, फ्रिजबाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्याला मळमळ व पोटदुखी सुरू झाली आणि त्याच रात्री तो झोपेत दगावला. अन्नात बॅसिलस सेरियस सापडला. या जीवाणूला तांदूळच लागतो असे नाही. पास्ता, नूडल्स, बटाटे असे कोणतेही पिष्टमय अन्न चालते.

ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला सोपा आहे : भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, २४ तासांत संपवावा आणि एकदाच गरम करावा. पातेलेभर भात मधून तासन्‌तास गरम राहतो. त्यामुळे तो परातीत किंवा ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरून, मग उथळ डब्यांत भरावा. आठवड्याचा साठाच हवा असेल, तर एकेका जेवणाचे डबे फ्रीझरमध्ये ठेवावेत. फ्रिज ५ अंशांखाली आहे का, हे स्वस्त तापमापीने पाहता येते. सामायिक फ्रिज सारखा उघडला जातो, तिथे तर नक्कीच पाहावे. इडली-डोशाच्या पिठाची मात्र धास्ती नको. आंबताना तयार होणारे आम्ल अशा अनेक जंतूंना वाढू देत नाही.

राजमा आणि स्लो कुकर

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही पोटात गेले, तर १ ते ३ तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. भारतात हे फारसे ऐकू येत नाही, कारण प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जाते. स्लो कुकरमध्ये अन्न तासन्‌तास मंद आचेवर राहते, राजमा मऊही होतो, पण विष नष्ट होत नाही. उलट अशा अर्धवट आचेने ते कच्च्या दाण्यापेक्षा वाढल्याचे आढळले आहे. राजमा किमान ५ तास, शक्यतो रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच हवा तर स्लो कुकरमध्ये घालावा. इलेक्ट्रिक कुकरमध्ये मंद आणि प्रेशर असे दोन्ही पर्याय असतील, तर प्रेशरच निवडावा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो.

मोड, चिकन आणि तारखा

२०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर संशय गेला. शेवटी माग निघाला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. उसळ शिजते म्हणून निभावते. कच्च्या मोडांची कोशिंबीर गरोदर बायका, लहान मुले आणि वृद्धांनी टाळावी.

चिकन नळाखाली खसाखसा धुण्याची आपली सवयही सोडलेली बरी. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सिंकमध्ये आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पोचतो. नीट शिजवल्यावर तो मरतोच.

युरोपात पाकिटांवर दोन वेगळ्या तारखा दिसतात. ‘यूज बाय’ सुरक्षिततेची असते, ती उलटल्यावर वास चांगला आला तरी खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ चव-दर्जाची असते. जर्मनीत यांनाच अनुक्रमे ‘त्सू फरब्राउखेन बिस’ आणि ‘मिंडेस्टन्स हाल्टबार बिस’ म्हणतात.

पोट बिघडलेच तर

पहिले काम शरीरातले पाणी टिकवण्याचे. औषधाच्या दुकानात ओआरएसची पाकिटे मिळतात. ती नसतील, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावे.

भारतातून नेलेली अँटिबायोटिकची गोळी मनानेच घेऊ नये. बहुतेक वेळा तिचा उपयोग नसतो. जर्मनीत पसरला तशा ई. कोलायच्या संसर्गात तर काही अँटिबायोटिक्सनी मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. शौचातून रक्त जात असेल किंवा जोराचा ताप असेल, तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडही नको. अशा वेळी, तसेच पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी झाली असेल किंवा गुंगी येत असेल, तर वैद्यकीय मदत घ्यावी. सल्ल्यासाठी ब्रिटनमध्ये १११, जर्मनीत दवाखाने बंद असताना ११६११७ हे क्रमांक आहेत; जिवावर बेतत असेल तर युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ आणि अमेरिकेत ९११. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास कधी सुरू झाला, हे लिहून ठेवले तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

हॉटेलात अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट : ब्रिटनमधील नियमानुसार उलट्या-जुलाब थांबल्यानंतर ४८ तास अन्न हाताळण्याच्या कामावर जायचे नसते. त्या दिवसांचा पगार बुडेल या भीतीने अनेक जण आजार लपवतात; पण मालकाला लगेच कळवणे हेच तिथे अपेक्षित असते.